बांगडा, मीठ, लोखंड : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून २०२४

१ एप्रिल, सोमवार

नवी वही. जुन्या वहीत आकडे आहेत, पण अमुक आकडा असा का आला हे कुठेच लिहिलेले नाही, म्हणून शनिवारी सरांची बोलणी खाल्ली. यापुढे संशय, चूक, कारण सगळे इथे.

काम असे: खाऱ्या सुक्या बांगड्यातली प्रथिने किती ऑक्सिडाइझ होतात ते मोजायचे, आणि मीठ बदलले किंवा वाळवण्याआधी मासा आमसुलाच्या पाण्यात बुडवला तर फरक पडतो का ते बघायचे. सुके मासे खवट झाले की दोष तेलाला जातो. ते खोटे नाही, बांगड्याच्या तेलाला हवेचा ऑक्सिजन लागायला वेळ लागत नाही. पण तोच मारा प्रथिनांवरही होत असतो. त्याला वास नसतो, त्यामुळे स्वयंपाकघरात तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

दोन गोष्टी मोजणार. एक, कार्बोनिल: लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन, थ्रिओनिन यांच्या बाजूच्या साखळ्यांवर घाव बसला की तिथे अल्डिहाइड किंवा कीटोन उरतो, त्याला डीएनपीएच हे रसायन चिकटवून पिवळा रंग ३७० नॅनोमीटरला वाचायचा. दुसरी, थायोल: सिस्टीनचे गंधक किती शिल्लक आहे ते एलमनच्या रिएजंटने, ४१२ ला. तेलाच्या खवटपणासाठी नेहमीची टीबीए चाचणी, ५३२ ला गुलाबी.

माशाला हात लावण्याआधी सगळी पद्धत बीएसएवर बसवून घ्यायची. गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन, स्वस्त, शुद्ध, आणि ज्याच्यावर सगळे जग हात साफ करते ते.

३ एप्रिल, बुधवार

बीएसए दोन मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, फॉस्फेट बफर पीएच ७.४. त्यात फेरिक क्लोराइड, अस्कॉर्बेट (म्हणजे क जीवनसत्त्व) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. रात्रभर ३७ अंशाला.

ज्युनियर विचारत होती, क जीवनसत्त्व तर अँटिऑक्सिडंट, मग ते ऑक्सिडाइझ करणाऱ्या मिश्रणात कशाला? तिला फळ्यावर काढून दाखवले. पेरॉक्साइडला तोडतो तो फेरस, म्हणजे दोन भारांचा लोह आयन. तोडताना तो स्वतः फेरिक होतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटते, प्रथिनावर घाव घालते ते हेच. फेरिक तिथेच थांबला तर खेळ संपला. अस्कॉर्बेट त्याला परत फेरस करून देते, की पुन्हा पहिल्यापासून. लोखंड मोकळे असेल तर क जीवनसत्त्व आगीला वारा घालते.

या क्रियेला फेंटनचे नाव आहे. १८९४ चा त्याचा शोधनिबंध टार्टारिक आम्लावर होता, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आम्लावर. त्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल बनते ही कल्पना हाबर आणि वाइस यांची, १९३४ ची. चिंचेचे ऐकून ज्युनियर म्हणाली, मग लोखंडी कढईत आमटी? म्हटले, पेरॉक्साइड कोण घालते आमटीत, लिही पुढे.

५ एप्रिल, शुक्रवार

डीएनपीएचचा पहिला पूर्ण दिवस. दोन मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात डीएनपीएच, अंधारात एक तास, दर दहा मिनिटांनी व्हॉर्टेक्सवर घुसळण. मग टीसीए हे आम्ल घालून प्रथिन खाली पाडायचे, आणि इथेनॉल व इथाइल अ‍ॅसिटेट निम्मेनिम घेऊन पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला गोळा, तीनदा धुवायचा. पहिल्या धुण्यात द्रव हळदीसारखा पिवळा येतो, तिसऱ्यात जवळजवळ पाण्यासारखा. तिसऱ्या वेळी पेलेट इतका भुसभुशीत होतो की पिपेटचे टोक जरा जवळ गेले तरी अर्धा वर ओढला जातो. दोन नमुने असेच गेले. शेवटी सहा मोलर ग्वानिडिनमध्ये विरघळवून वाचायचे.

आकडे, मिलिग्रॅम प्रथिनामागे नॅनोमोल कार्बोनिल:
नुसते बीएसए १.५
लोखंड, अस्कॉर्बेट, पेरॉक्साइड १०.९
लोखंड न घालता बाकी सगळे ८.६

तिसरी ओळ तीनदा वाचली. लोखंडच नाही, तर इतके ऑक्सिडेशन कोणी केले?

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

डिचोलीला घरी. गुढी उभारली, पुरणपोळी झाली, डोक्यात मात्र ८.६.

बाबा २०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडेपर्यंत ट्रक चालवत. जेवताना त्यांना सांगितले की माझ्या बाटलीत कुठून तरी लोखंड येतेय असा संशय आहे. ते हसले. "आमच्या घरात लोखंड कुठून येते असे विचारतेस?" बोअरवेलच्या पाण्याची बादली दाखवली त्यांनी. रात्रभर ठेवली की तळाला तांबूस साय धरते. जमिनीखाली लोखंड फेरस रूपात विरघळलेले असते, वर आल्यावर हवा लागली की फेरिक होऊन गाळ बसतो. माझीच रसायनक्रिया, फक्त बादलीत.

१२ एप्रिल, शुक्रवार

अर्धी रजा टाकून म्हापशाचा बाजार. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली आहे: सोलां (आमसुले), सुक्या मिरच्या, गावठी कांद्याच्या माळा, आणि सुक्या नुस्त्याची रांग. खारे बांगडे घेतले. अर्धे लॅबसाठी, अर्धे आजीसाठी. एकाच बाईकडचे, एकाच टोपलीतले, हे मुद्दाम लिहून ठेवते.

बाईने एक बांगडा मोडून नाकाशी धरला, मग माझ्या नाकाशी धरला. हीच तिची टीबीए चाचणी. पोटाकडची कड पिवळट-तपकिरी पडली होती तो तिने स्वतःच बाजूला टाकला. तेलातून तयार झालेली अल्डिहाइडे प्रथिनांच्या अमाइन गटांना जाऊन बसतात तेव्हा हा रंग येतो. म्हणजे तेलाचे ऑक्सिडेशन आणि प्रथिनाचे ऑक्सिडेशन वेगळे काढू म्हणणे सोपे, करणे कठीण. डीएनपीएचला दिसणारे काही कार्बोनिल प्रथिनाचे स्वतःचे नसतातच, तेलाकडून उसने आलेले असतात.

१५ एप्रिल, सोमवार

संशयितांची झडती.

पहिला, पेरॉक्साइड. बाटलीवर तीस टक्के लिहिलेले, त्यावरून दहा मिलिमोलरचे द्रावण करून २४० ला वाचले. ०.४३६ यायला हवे, आले ०.२९. म्हणजे खरे ६.७ च्या आसपास. बाटली जुनी, झाकण दिवसातून चारदा उघडलेले, आणि आमचा फ्रिज दर वेळी कोणी दार नीट लावेलच असे नाही. पण पेरॉक्साइड कमी निघाले म्हणजे ८.६ चे कोडे आणखी अवघड झाले. मारा कमी आणि घाव तेवढेच?

दुसरा, अ‍ॅसिटोन. नळ्या घाईने वाळवायच्या म्हणून आम्ही त्या अ‍ॅसिटोनने खंगाळतो, आणि अ‍ॅसिटोन हे स्वतः कार्बोनिल. डीएनपीएच त्यालाही धरणारच. अ‍ॅसिटोनने धुतलेल्या आणि न धुतलेल्या नळ्यांत तोच नमुना चालवला. फरक नाही. तीन धुण्यांत तो लहान रेणू निघून जातो. निर्दोष, पण सवय मोडायची.

तिसरा, ज्युनियरने मागच्या आठवड्यात एक बॅच ट्रिस बफरमध्ये केली होती, तिच्यात सगळेच आकडे खाली. तिला वाटले तिचा हात चांगला. ट्रिस स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल खातो, ग्लिसरॉल आणि मॅनिटॉलसारखाच. प्रथिनाच्या वाट्याला मग उरते काय! बॅच रद्द. बिचारी खट्टू झाली.

१८ एप्रिल, गुरुवार

आज दिवस सत्कारणी लागला.

फिनँथ्रोलिनने पाणी तपासले, बफर तपासला. लोखंड असेल तर नारिंगी रंग येतो, ५१० ला वाचायचा. काहीच नाही. क्युव्हेट पांढऱ्या कागदासमोर धरून बघितली, डोळ्यांनाही काही नाही. सर म्हणाले, ही चाचणी मायक्रोमोलरच्या खाली आंधळी होते, आणि तुझ्या कामाला मायक्रोमोलरही जास्त आहे. मग त्यांनी ब्युटनरची १९८८ ची चाचणी सांगितली. ती इतकी साधी आहे की आधी कोणी सांगितली नाही याचा राग आला.

सातच्या आसपास पीएच असलेल्या बफरमध्ये धातू नसतील तर अस्कॉर्बेट हवेत जवळजवळ हलत नाही. धातूचा अंश असेल तर मरते. म्हणून बफरमध्ये १२५ मायक्रोमोलर अस्कॉर्बेट टाकायचे आणि २६५ ला पंधरा मिनिटे बघत बसायचे. अर्धा टक्का घसरले तर ठीक, जास्त घसरले तर बफर घाण.

स्टूल ओढून बसले. सुरुवात १.८०. दोन मिनिटांनी १.७८. चहा आला, प्यायला नाही. पाच मिनिटांनी १.७४. शेवटचा अंक दर काही सेकंदांनी एकेक पायरी उतरत होता, घड्याळ उलटे चालावे तसा. पंधरा मिनिटांनी १.६४.

नऊ टक्के.

१९ एप्रिल, शुक्रवार

पाणी की फॉस्फेट? विकतचे एचपीएलसी दर्जाचे पाणी घेऊन त्याच फॉस्फेटचा बफर केला: घसरण जवळजवळ तेवढीच. आमचेच पाणी आणि नव्या बाटलीतले फॉस्फेट: दीड टक्का. म्हणजे पाणीही धुतल्या तांदळाचे नाही, पण खरा चोर फॉस्फेटच्या बाटलीत.

बाटली उघडून कागदावर ओतली. तळाशी एक छोटा स्पॅच्युला. कोणीतरी आतच विसरला होता, कधी ते देव जाणे. दांड्याला दोन तांबूस ठिपके, आणि त्यांच्याभोवतीचे स्फटिक किंचित पिवळसर. स्टेनलेस म्हणून विकत घेतलेला. एप्रिलमधल्या आमच्या हवेत मीठ बरणीत पाणी सोडते, तिथे स्वस्त स्टील काय टिकणार.

लॅबचे काका येऊन बघून गेले. "मांडवीतून बार्ज भरभरून लोखंड गेले मॅडम, तेव्हा कोणाचे काही अडले नाही. तुमचे एवढ्याने अडले?" काकांना काय सांगणार. बार्जमधले लोखंड खडकात बांधलेले होते. माझे बाटलीत मोकळे आहे.

२२ एप्रिल, सोमवार

साफसफाई. काचेची भांडी दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर. शक्य तिथे काच सोडून प्लास्टिक. बफर धातू धरून ठेवणाऱ्या चेलेक्स रेझिनबरोबर तासभर ढवळून, निवळू देऊन, वरचा काढून घेतला. चेलेक्सने पीएच वर चढतो हे विसरले होते, साडेआठच्या पुढे गेला. परत खाली आणायला आम्ल घातले, मग शंका आली की आम्लातून पुन्हा लोखंड आले असेल तर? पुन्हा अस्कॉर्बेट, पुन्हा पंधरा मिनिटे. १.८०५ वरून १.७९८. पास.

ज्युनियर म्हणाली, इतका खटाटोप कशाला, चिमूटभर ईडीटीए टाकू. हा प्रश्न मलाही मागच्या वर्षी पडला होता. ईडीटीए लोखंडाला धरते खरे, पण पुरते झाकत नाही. एक बाजू पाण्याच्या रेणूसाठी उघडी राहते आणि पेरॉक्साइडला तेवढी फट पुरते. शिवाय पीएच ७.४ ला जे फेरिक एरवी गाळ होऊन खाली बसले असते त्याला ईडीटीए विरघळलेले ठेवते. कित्येक लॅबमध्ये हायड्रॉक्सिल रॅडिकल हवे म्हणून मुद्दाम लोह-ईडीटीए वापरतात. लोखंडाला गप्प करायचे तर डेफेरॉक्सामिन, ते सहाही बाजूंनी आवळते. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवून अंगात लोखंड साठते, ते काढायला देतात तेच औषध. महाग आहे, म्हणून ते फक्त नियंत्रण नमुन्यात, बफर चेलेक्सवर.

२६ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा तेच तीन:
नुसते बीएसए १.५
सगळे घालून १०.४
लोखंड सोडून सगळे २.१
आणि चौथा, सगळे घालून वर डेफेरॉक्सामिन, १.८

सरांनी वही बघून नुसते "हं" म्हटले. त्यांचे "हं" म्हणजे पेढे.

३० एप्रिल, मंगळवार

पहाटे साडेपाचला मालीमच्या जेटीवर. ताजे बांगडे, बर्फात. लॅबमध्ये आठच्या आत फिले काढले.

बांगडा उभा चिरला की दोन रंग दिसतात. कण्याच्या बाजूने कातडीखाली काळपट लाल पट्टा आणि बाकीचे फिकट मांस. लाल पट्टा मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या लोखंडयुक्त प्रथिनाचा, सतत पोहणाऱ्या माशाला लागतो तो. चिरल्यावर लालभडक, आणि टेबलावर तासभर राहिला तर चॉकलेटी. तो रंग बदलतो तेव्हा मायोग्लोबिनमधले लोखंड फेरसचे फेरिक होत असते, आणि त्या उलाढालीत सुपरऑक्साइड सुटते, त्याचे पुढे पेरॉक्साइड होते. तेलही त्याच पट्ट्यात जास्त. पेरॉक्साइड, लोखंड आणि तेल एकाच बोटभर पट्टीत! सुका बांगडा तिथूनच आधी बिघडतो हे आजीला डीएनपीएचशिवाय माहीत आहे, ती तो भाग आधी खायला काढते.

दोन्ही मांसे वेगवेगळी वाटली. लाल मांसाचे रीडिंग भयानक वर गेले. पण रक्ताचा रंग स्वतःच ३७० च्या जवळपास शोषण करतो, त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक हवा, डीएनपीएच न घालता नुसत्या आम्लातला. बीएसएला एक ब्लँक सगळ्यांना चालत होता, इथे नाही. दुसरे, कच्च्या अर्कात डीएनए आरएनए असते, त्यातही कार्बोनिल असतात. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेटने ते आधी खाली बसवून काढायचे. या दोन गोष्टी केल्यावर लाल मांसाचा आकडा निम्म्यावर आला. तरी फिकट मांसाच्या वरच.

४ मे, शनिवार

गच्चीवर वाळवण. तीन गट: आगराचे (मिठागरातले) मीठ, बारीक शुद्ध केलेले मीठ, आणि आगराचे मीठ लावण्याआधी आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास. वर नायलॉनची जाळी, कडेला विटा.

६ मे, सोमवार

कावळ्याने वीट ढकलली यावर कोणी विश्वास ठेवत नाही. शुद्ध मिठाच्या गटातले तीन गेले. नऊ उरले, पुरतील. उद्या मतदानाची सुट्टी, गावी जाणार, काकांना गच्चीची राखण सांगितली आहे.

१३ मे, सोमवार

मिठातले लोखंड. आगराचे मीठ पाण्यात विरघळवले की खाली राखाडी चिखल उरतो, मिठागराच्या तळाचा. गाळासकट आम्लात उकळून, हायड्रॉक्सिलअमाइनने सगळे फेरस करून फिनँथ्रोलिन घातले: स्पष्ट नारिंगी. शुद्ध मिठात रंग जवळजवळ नाही. नुसते वरचे निवळ पाणी घेतले तर आगराच्या मिठातही फिके. म्हणजे बहुतेक लोखंड चिखलात आहे, विरघळलेले थोडे.

आता वाटते की आगराच्या मिठाला लगेच दोषी ठरवू नये. शुद्ध आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेट घातलेले असते, तेही ऑक्सिडायझरच. मात्रा फार कमी. तरी "शुद्ध" म्हणजे निष्क्रिय असे समजून चालत होते ते चूक होते. आयोडीन नसलेले मीठ चौथा गट म्हणून घ्यायला हवे होते. आता उशीर झाला, पुढच्या हंगामात.

२० मे, सोमवार

मीठ बदलल्याचा परिणाम. फिकट मांसात दोन्ही मिठांत फरक असा नाहीच, तीन-तीन नमुन्यांतला आपसातला फरक त्याहून मोठा. लाल मांसात आगराच्या मिठाचे कार्बोनिल थोडे जास्त, थायोल थोडे कमी. दोन्ही एकाच दिशेला आहेत म्हणून बरे वाटले. पण लाल मांसात स्वतःचेच इतके लोखंड असताना मिठातले लोखंड किती भर घालणार? सरांना हाच प्रश्न विचारला, त्यांनी तो मलाच परत केला.

थायोलबद्दल एक. सुकवलेल्या माशात कमी आलेले थायोल सगळे ऑक्सिडेशनने मेले असे नव्हे. दोन सिस्टीन जोडून डायसल्फाइड झाले तरी एलमनला ते दिसत नाहीत, आणि डायसल्फाइड परत उघडता येते. सल्फोनिक आम्लापर्यंत गेले तर मात्र परतीची वाट नाही. दोन्हींना "गेले" म्हणून एकाच रकान्यात टाकायचे नाही.

२३ मे, गुरुवार

आमसूल, नळीत, बीएसएवर. अस्कॉर्बेट काढून त्याच्या जागी आमसुलाचा अर्क, फेरिक आणि पेरॉक्साइड तेच. अर्क आंबट, म्हणून सगळ्या नळ्यांचा पीएच ७.४ ला आणून घेतला. लाल अर्क तिथे काळपट जांभळा होतो, बघायला वाईट.

दाट अर्कात कार्बोनिल कमी. अपेक्षित होते. पातळ केलेल्या अर्कात, शंभरास एक, कार्बोनिल अर्क न घातलेल्या नळीपेक्षा जास्त. दोनदा केले, दोन्ही वेळा जास्त.

एप्रिलमध्ये ज्युनियरला फळ्यावर जे काढून दाखवले तेच. आमसुलातली रंगद्रव्ये आणि गार्सिनॉल फेरिकला फेरस करून देतात. दाट असताना तीच द्रव्ये आणि आम्ले इतकी असतात की लोखंडही धरून ठेवतात आणि रॅडिकलही खातात. पातळ असताना फेरस करण्यापुरती उरतात. हा माझा अंदाज. डेफेरॉक्सामिन घालून पातळ अर्काची वाढ नाहीशी होते का बघायचे, म्हणजे निदान लोखंडाचा भाग पक्का होईल.

२४ मे, शुक्रवार

डेफेरॉक्सामिनने वाढ गेली. लोखंडच.

संध्याकाळी सुक्या माशांची टीबीए. आमसुलाच्या गटाचे आकडे सगळ्यांत वर, आगराच्या नुसत्या मिठापेक्षाही दीडपट. पाच तास उभी होते, पाय दुखताहेत. आमसुलाने मासा जास्त खवट होतो असे लिहायचे की काय?

२६ मे, रविवार

घरी. तीन गटांचे तुकडे आणि बाजारातला लॅबमधल्या प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेला तुकडा, अशा चार पुड्या आजीसमोर ठेवल्या. नाव नाही, फक्त क ख ग घ. आजीने डोळे मिटले नाहीत की काही नाही, चहाचा कप बाजूला सरकवला आणि एकेक पुडी नाकाखालून नेली.

"हें बरें. हें बरें. हें फाल्यां खंवट जातलें." चौथी पुडी तिने हातानेच लांब केली. ती बाजारातली.

उद्या खवट होणारी होती आगराच्या मिठाची. पहिल्या दोनांत आमसुलाची. मी म्हटले, यंत्र सांगते हा सगळ्यांत वाईट. आजी म्हणाली, "तुजें यंत्र नाकान वास घेता काय दोळ्यांनी पळयता?"

डोळ्यांनी बघते, आजी. ५३२ नॅनोमीटरला. गुलाबी रंग बघते.

आणि आमसूल लाल आहे.

२७ मे, सोमवार

टीबीए न घालता नुसते आम्ल आणि उष्णता देऊन आमसुलाचा गट चालवला. नळी गुलाबी. आमसुलातली सायनिडिनची रंगद्रव्ये आम्लात लाल होतात आणि ५३२ ला ऐटीत शोषण करतात. हा ब्लँक वजा केल्यावर आमसुलाचा गट आगराच्या नुसत्या मिठाच्या खाली आला. लाल मांसासाठी प्रत्येक नमुन्याला स्वतःचा ब्लँक हवा हे तीस एप्रिलला याच वहीत लिहिले आहे, माझ्याच अक्षरात. ते डीएनपीएचपुरते लिहिले आणि टीबीएच्या वेळी विसरले.

डीएनपीएचमध्ये ही भानगड झाली नाही, तिथे नमुन्यांचे ब्लँक होते. तिथे आमसुलाच्या गटाचे कार्बोनिल आगराच्या मिठाइतकेच, कमी नाही. तेलाला आमसुलाने वाचवले, प्रथिनाला नाही. आजीच्या नाकाला हे कळणे शक्य नव्हते.

३१ मे, शुक्रवार

दुपारी वादळी पाऊस, तीन तास वीज नाही. उणे ऐंशीच्या फ्रीझरचे दार कोणी उघडू नये म्हणून चिकटपट्टी लावून वर कागद. तापमान उणे एकसष्टपर्यंत चढले आणि थांबले. उणे विसाच्या फ्रीझरमधले मात्र हिशेबातून बाद करते, तिथे एरवीही तेलाचे ऑक्सिडेशन पुरते थांबत नाही.

१ जून, शनिवार

आजपासून मासेमारी बंदी, ६१ दिवस. मालीमला ट्रॉलर एकाला एक लावून बांधलेले. ताजा बांगडा ऑगस्टपर्यंत नाही. उणे ऐंशीत लाल मांसाच्या अकरा नळ्या आहेत, त्यांवर भागवायचे.

३ जून, सोमवार

आजीने काल पुरुमेंताची बरणी उघडली. बारा एप्रिलचे म्हापशाचे बांगडे, तिच्या पद्धतीने पुन्हा एक ऊन देऊन, जुन्या चिनी मातीच्या बरणीत, दादऱ्याने तोंड बांधून, खाटेखाली अंधारात. लॅबमधला त्याच टोपलीतला जोडीदार पारदर्शक पिशवीत खिडकीजवळच्या कपाटात होता, आणि २६ मेला तिने हाताने लांब केला तो तोच. उजेड, ऊब, हवा, तिन्ही त्याच्या वाट्याला जास्त, त्यामुळे नेमके कोणामुळे ते यातून निघणार नाही. तरी एक तुकडा मागून आणला. तिने लाल पट्ट्याचा द्यायला नकार दिला, शेपटीकडचा दिला.

नळीवर लेबल: आजी, बरणी, ५२ दिवस. जोडीला: कपाट, पिशवी, ५२ दिवस. दोघांचे ब्लँक वेगळे, डीएनपीएचचेही आणि टीबीएचेही. डीएनपीएच संपत आले आहे, उद्या सकाळी ताजे करायचे. स्पॅच्युला प्लास्टिकचा.